गोऱ्या साहेबाची शिक्षा

टाक्या धुवायच्या असल्यामुळे शनिवारी पाणी बंद राहील, अशी सूचना सकाळी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि तिच्याखालीच आमच्या शेजाऱ्याचा, मंदारचा मेसेज आला. ‘आई गेली. पहाटे, झोपेतच.’ बादल्या भरून ठेवायला हव्यात असा विचार करत मी वाचत होते, ती तशीच उठून समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. दार उघडंच होतं. कुमुदकाकू शांत झोपल्यासारख्या दिसत होत्या, आणि मला मात्र त्यांचा राग आला होता. आदल्या संध्याकाळी लिफ्टपाशी एक गोष्ट अर्धवट सोडून ‘उरलेलं उद्या’ म्हणाल्या होत्या... दीड महिना झाला, तो राग अजून पुरता गेलेला नाही.

काकू पुण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आणि यजमान गेल्यावर मुलाकडे शारजाला आल्या. इमारतीत त्यांना सगळे प्रोफेसर मॅडम म्हणायचे, मी एकटी काकू म्हणायचे. स्वयंपाकात त्यांना अजिबात गती नव्हती. त्यांचा उपमा समोर आला की मंदारला हमखास ऑफिसचा फोन यायचा. पण बोलायला बसल्या की ऐकत राहावं. इंग्रजी अमदानीत सरकारी अंमलदारांवर आरोप झाले की त्यांच्या चौकश्या कशा चालत आणि कुणाला काय शिक्षा होई, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. तो विषय त्या कुठेही काढत. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्यांनी निलंबन आणि बडतर्फी यांतला फरक समजावून सांगितला होता, हातातल्या वाटीतले हरभरे तसेच ठेवून. घरात नातवाने काही फोडलं तरी सूनबाईंना ओरडू देत नसत. आधी आरोप काय ते स्पष्ट सांगायचं, मग त्याचं म्हणणं ऐकायचं. पोरगं कंटाळून म्हणायचं, ‘आजी, आय प्लीड गिल्टी, ओके? कॅन आय गो नाऊ?’

त्यांचा एक लाडका मामलेदार होता. दीडशे वर्षांपूर्वीचा, दप्तरखान्यात भेटलेला. पण काकू त्याच्याबद्दल अशा बोलायच्या की जणू त्यांचा सख्खा मामाच. त्याच्या तालुक्यात एक गोरा असिस्टंट कलेक्टर शिकारीला आला. रान उठवायला माणसं हवीत म्हणून साहेबाने हुकूम सोडला, मामलेदाराने भर उन्हात गावकरी वेठीला धरले आणि त्यातला एक जण उन्हाने दगावला. बोभाटा झाला, चौकशी बसली. साहेबाला बसायला खुर्ची मिळाली, मामलेदाराला उभं ठेवलं. दोघेही दोषी ठरले. साहेबाची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, त्याच पगारावर. मामलेदार बडतर्फ झाला, त्याचं पेन्शनही गेलं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ‘बिचारा!’ म्हणाले, तर काकू माझ्यावरच उखडल्या. ‘बिचारा कसला? माणूस मेला ना त्याच्यापायी! अगं, तो दोषीच होता. पण एका गुन्ह्याला दोन मापं का, एवढंच माझं भांडण आहे.’ त्यांचं हे भांडण जुन्या कागदांशी आहे, असंच मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत समजत होते.

आमच्याकडे तेव्हा इब्राहिमभाई वॉचमन होते. खेडजवळच्या गावचे, बायको-मुलं तिकडेच. तळमजल्यावर एक हॉल आहे, वाढदिवस-बारशासाठी. त्या हॉलच्या गालिच्यावर वाळूचे ठसे आणि घामाचा वास येतो अशी कुणीतरी तक्रार केली, आणि ग्रुपवर एकदम तुफान उठलं. शेजारच्या रस्त्याच्या कामावरचे मजूर दुपारी आत येऊन झोपतात म्हणे, वॉचमनच त्यांना घेतो म्हणे, उद्या पोरींना काही झालं तर? वॉचमनला काढा, या मागणीखाली अंगठ्यांची रांग लागली. आम्ही सगळे भारतातून आलेले, मजुरांसारखेच इथे व्हिसावर राहणारे. पण त्या दिवशी आमच्यातला प्रत्येक जण साहेब झाला होता. नोकरी गेली की इब्राहिमभाईंचा व्हिसा जाणार आणि त्यांना गावी परतावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी ग्रुपवर एकच प्रश्न टाकला. ‘त्यांना कुणी विचारलं का?’ त्यावर कुणाचाही अंगठा आला नाही.

शेवटी मॅनेजरने त्याच हॉलमध्ये मीटिंग बोलावली. काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या. आल्या आल्या एक खुर्ची ओढून इब्राहिमभाईंना म्हणाल्या, ‘बसा.’ ते बसेनात, काकू ऐकेनात. ते बसल्यावरच काम सुरू झालं. मग काकूंनी इब्राहिमभाईंची अशी काही बाजू मांडली... पुरावा कुठे आहे, पाहिलं कुणी, ठसे काय कुणाचेही असतील. मला तर वाटलं, केस जिंकली. आणि मग त्यांनी मोठ्या ऐटीत इब्राहिमभाईंना विचारलं, ‘सांगा, तुम्ही घेतलं होतं का कुणाला आत?’

‘होय मॅडम,’ ते म्हणाले, ‘मीच घेतलं. दुपारच्या सुट्टीत सावलीला जागा नव्हती त्यांना. एक पोरगा चक्कर येऊन पडला माझ्या समोर. तेव्हापासून रोज घेतो.’

काकूंचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. मॅनेजरने हात झटकले. ‘मॅडम, रूल इज रूल. खलास.’ काकू शांतपणे पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, ‘ठीक है. आरोप सिद्ध हो गया. अब सजा की बात करते हैं. गलती हुई तो नौकरी ही जानी चाहिए, ये कहाँ लिखा है?’ आणि पुढचा तासभर त्या मॅनेजरला त्यांनी उठू दिलं नाही. इमारत सांभाळणाऱ्या त्याच्या कंपनीकडे आणखी किती इमारती आहेत, तिथे माणसं लागतात की नाही, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. इब्राहिमभाईंची दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या भागातल्या एका इमारतीत बदली झाली, त्याच पगारावर. वर जाताना लिफ्टमध्ये काकूंनी माझा दंड घट्ट धरला. ‘गोऱ्या साहेबाची शिक्षा मिळवून दिली गं मी त्याला!’ त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काकू गेल्याचं कळल्यावर इब्राहिमभाई आले, मंदारजवळ बसले आणि निघताना मला म्हणाले, ‘ताई, एकदा आमच्या बिल्डिंगला या. दुपारच्याला या.’ मागच्या आठवड्यात गेले. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली, बाहेर बऱ्याच चपला. आत एसी, चटया, थंड पाण्याची मशीन आणि पालथे-उताणे झोपलेले मजूर. मग इब्राहिमभाईंनी सगळं सांगितलं. बदली झाल्यावर काकूंनी त्यांना फोनवर विचारलं होतं, ‘तिथे पुन्हा हेच कराल?’ ते म्हणाले, ‘करेन.’ काकू म्हणाल्या, ‘मग तो गुन्हाच राहता कामा नये.’ आणि टॅक्सी करून, मंदारला न सांगता, तिथल्या मॅनेजरसमोर जाऊन बसल्या. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्याने या खोलीची किल्ली काढून दिली. मला यातलं काही माहीत नव्हतं; लिफ्टपाशी अर्धवट राहिलेली गोष्ट कदाचित हीच असेल. दारात उभी राहून मी रडले.

‘मॅनेजर दर महिन्याला म्हणतो, खोली परत घ्यायला पायजे,’ इब्राहिमभाई हळूच म्हणाले. ‘मी म्हणतो, घ्या, पण त्या मॅडम येतील विचारायला. मग गप बसतो. त्या गेल्या ते मी त्याला सांगितलं नाही.’

तेवढ्यात मॅनेजरच आला. मी कोण, कुठून आले, हे कळल्यावर जरा सावरून उभा राहिला. ‘वो प्रोफेसर मॅडम कैसी हैं? फिर आएंगी क्या?’

इब्राहिमभाई जमिनीकडे पाहत होते.

‘आएंगी,’ मी म्हटलं, ‘इन्शाल्ला.’

त्या मॅनेजरला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे इथे लिहिते आहे.