पिवळ्या रेघेपलीकडे

धोंडू परबाला बोलता येत नसे असं नाही. रेशनच्या दुकानात कुणी रांग मोडली तर तो पुरेसं बोलायचा. पण आतलं काही सांगायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. अशा माणसाला देवानं नोकरी मात्र अगदी हेरून दिली होती. विमानतळावर उतरलेलं विमान दोन हातांत दोन गोल बॅटी घेऊन जागेवर आणायचं, आणि निघालेलं वाटेला लावायचं. चार पंख्यांच्या त्या घरघराटात कुणी बोलायची अपेक्षाच करत नाही. सगळं हातांनी.

हे काम तो लढाईच्या दिवसांत शिकला. गिरणी सोडून विमानतळावर हमाल म्हणून लागला होता. एका गोऱ्या सार्जंटनं त्याचे लांब हात पाहिले आणि चित्रांचं एक पुस्तक त्याच्यापुढे टाकलं. दोन्ही हात वर करून कोपरापासून मागे ओढले की 'ये'. एक हात खाली, दुसरा ओढत राहिला की 'वळ'. डोक्यावर फुली म्हणजे 'थांब'. गळ्यावरून आडवा हात म्हणजे 'इंजिन बंद'. आणि एक हात लांब करून पुढची वाट दाखवली, सलाम ठोकला, की 'जा'.

आता सराव कुठे करायचा? चकाल्याच्या चाळीच्या अंगणात. त्याच साली सुगंधा, त्याची बायको, तापानं गेली होती आणि चार वर्षांची रत्नप्रभा आईला शोधत दारोदार फिरायची. धोंडूनं एक घरातलं आणि एक शेजारचं अशी दोन उलथणी उचलली आणि पोरीला विमान केलं. ती विहिरीपासून हात पसरून घुर्रर्र करत सुटायची. तो उलथण्यांनी बोलवायचा, ये, ये, अजून ये. मग डोक्यावर फुली. रत्ना त्याच्या सदऱ्यापासून वीतभर अंतरावर थबकायची आणि इंजिन बंदची खूण होईपर्यंत पंख मिटायची नाही. शेजारच्या विमलावहिनी हसून म्हणायच्या, "भाकरी करपली हो, उलथणं द्या आता!"

त्या खेळात 'जा' ची खूण कधीच नव्हती. पुस्तकात होती, धोंडूला पाठ होती, पण पोरीवर ती चालवायला त्याचं मन धजत नसे. घरातून एक माणूस गेलं होतं तेवढं पुरे होतं.

रत्नप्रभा एकोणीस वर्षांची झाली आणि स्थळ आलं ते थेट नैरोबीचं. जयवंत सावंत, तिथल्या रेल्वेच्या कचेरीत कारकून, सुट्टीवर आलेला. मुलगा सरळ होता, रत्नालाही आवडला. लग्न झालं, जयवंत पुढे गेला, आणि तिकडे राहायचा परवाना पोस्टानं येईपर्यंत रत्ना बापाकडे राहिली. सात महिने. धोंडूच्या आयुष्यातले हे सर्वांत गोड आणि सर्वांत वाईट महिने. रोज पोस्टमन दिसला की तो हातातलं काम टाकून दाराशी यायचा, आणि पत्र नसलं की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज वाटायची. हे त्यानं कुणाला सांगितलं? कुणाला नाही. अशा माणसांना कधी कधी धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

परवाना आला त्या संध्याकाळी तो अंधेरीच्या बाजारातून ट्रंक घेऊन आला. विमानतळावरच्या रेघा मारायचा पिवळा रंग डबीभर मागून आणला आणि ओट्यावर बसून झाकणावर तिचं नवं नाव काढू लागला. त्याला वाटत होतं, एवढ्या लांब पोरीचं सामान हरवू नये. रत्नाला दिसलं ते वेगळंच. ती कितीतरी वेळ दारात उभी राहिली.

"फार घाई झालीय बाबा तुम्हाला," ती म्हणाली.

धोंडूनं मान वर केली नाही. तो 'सावंत' मधला 'व' गोल करत होता.

"एकदा तरी म्हणालात, जाऊ नको म्हणून? नुसतं म्हणायचं. मी काय राहणार होते? नकोशी झाले का मी तुम्हाला?"

धोंडूच्या हातातला ब्रश थांबला. पंधरा वर्षांचं सगळं सांगायचं होतं आणि बाहेर पडलं ते एवढंच, "रंग ओलो आसा. हात लावू नको."

त्यानंतर चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, आणि नजर भिंतीकडे.

जायचा दिवस उजाडला. विमान दुपारी तीनचं होतं. धोंडूची नेमकी दुपारची पाळी. काशीराम, चाकांखालचे लाकडी ठोकळे काढणारा त्याचा जोडीदार, आदल्या दिवशीच म्हणाला होता, "मी सांगतो रे साहेबाला, दुसरा बॅटवाला दे म्हणून. तू आपला बाहेर कठड्याला उभा राहा, पोरीला हात कर."

"नाय," धोंडू म्हणाला. "माझ्या चेडवाचा विमान माझ्याच हातान जातला."

त्याच्या डोक्यात एक हिशेब होता. पोरगी खिडकीशी बसेल. तिला आपण समोर दिसू, बॅटी घेऊन, अंगणातल्यासारखे. तिला कळेल.

दारात टॅक्सी आली. विमलावहिनींनी रत्नाच्या हातावर दही घातलं. त्याच तिला सोडायला जाणार होत्या. धोंडू सायकलनं कामगारांच्या फाटकातून आत जाणार होता. रत्ना बापाच्या पाया पडली, उठली, उंबऱ्यात उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "जाते मी."

विमलावहिनी दचकल्या. "अगं, जाते काय म्हणतेस? कुणी म्हणतं का असं? येते म्हण!"

रत्ना वहिनींकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि वाट बघत होती. आपल्यात लहान पोर शाळेला निघालं तरी मोठं माणूस म्हणतं, ये हो. एवढंच हवं होतं. एक अक्षर. धोंडूचे ओठ हलले. टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला, आणि रत्ना पायरी उतरली.

तीनला दहा मिनिटं असताना धोंडू विमानाच्या नाकासमोर उभा होता. शिडी निघाली. दार लागलं. एकेक पंखा फिरायला लागला. काशीराम ठोकळे ओढून बाजूला झाला. धोंडूनं बॅटी वर केल्या आणि कोपरापासून मागे ओढल्या. ये.

ते अवाढव्य धूड हललं.

लोकांना हे ठाऊक नसतं, पण निघालेल्या विमानालासुद्धा आधी 'ये' च म्हणावं लागतं. बॅटवाला विमानाकडे पाठ करत नाही. त्याच्याकडे तोंड करून उलटा चालतो, आणि विमान त्याच्या मागून येतं. पिवळ्या रेघेपर्यंत. रेघ आली की बाजूला व्हायचं, हात लांब करायचा, सलाम. तिथून पुढे विमान आणि त्याचा पायलट.

रेघ आली. धोंडूच्या बुटांखालून गेली. त्याला दिसली, तिचा रंग तर त्याच्या नखात अजून होता. पण हात आडवा होईना. आडवा केला की त्याचा अर्थ 'जा'. दोन्ही बॅटी वरच राहिल्या आणि मागे ओढत राहिल्या. ये. ये. अजून ये. जे उंबऱ्यात निघालं नाही ते आता थांबत नव्हतं. काशीराम बाजूनं धावत ओरडत होता, "अरे धोंडू! वाट दे! वाट दाखव!" पंख्यांच्या आवाजात ते कुठे ऐकू येणार! पायलटनं बिचाऱ्यानं नियम पाळला. माणूस बोलावतोय म्हटल्यावर तो सावकाश येत राहिला.

रेघेपलीकडे चाळीस पावलं गेल्यावर धोंडूची टाच गवताला लागली. तेव्हा तो भानावर आला. तो बाजूला झाला, उजवा हात लांब केला आणि सलाम ठोकला. विमान वळलं. एकेक खिडकी त्याच्यासमोरून गेली. उन्हानं सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. एकही चेहरा त्याला दिसला नाही.

ड्यूटीवरच्या विद्याधरसाहेबांनी त्याला आत बोलावलं. वर टॉवरवरून फोन आला होता.

"पंधरा वर्षं झाली धोंडू तुम्हाला. रेघ दिसली नाही?"

"दिसली, साहेब."

"मग?"

"हात खाली येवक नाय."

"लेखी द्या."

धोंडूनं लिहून दिलं. 'विमानात माझी मुलगी होती. हात खाली आणण्यास उशीर झाला. पुन्हा होणार नाही, कारण दुसरी मुलगी नाही.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि म्हणाले, "उद्याची पाळी सकाळची आहे. झोपा वेळेवर."

मग आले ते दिवस कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. घरी आलं की तो उलथणं उचलायचा आणि भाकरी उलटायची विसरायचा. तिनं पाहिलं का, ओळखलं का, की तसाच राग घेऊन समुद्र ओलांडला? विचारायचं कुणाला?

तेविसाव्या दिवशी निळं पाकीट आलं. धोंडू ते घेऊन दारात बसला. ट्रंक नीट पोचली होती, जयवंत न्यायला आला होता, तिथे आंबे मिळतात पण हापूस नाही. मग खाली लिहिलं होतं:

'बाबा, खिडकीतून विमानाच्या पुढचं काहीच दिसत नाही. तुम्ही कधी बसला नाहीत, तुम्हाला कसं ठाऊक असणार? शिवाय मी पलीकडच्या बाजूला होते. विमान चालतच राहिलं तेव्हा लोक माना वर करून बघायला लागले. पुढून हवाईसुंदरी हसत आली आणि कुणालातरी म्हणाली, पायलट वैतागलेत, खालचा माणूस आपल्याला सोडायलाच तयार नाही, अजून बोलावतोच आहे. मग मला कळलं. मी वाटेत एडनला विमान उतरेपर्यंत रडत होते. त्या दिवशी उंबऱ्यात चुकीचं बोलले. आता नीट म्हणते. येते, बाबा.'

धोंडूनं पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. उठला. उंबऱ्यात उभा राहिला. समोर अंगण होतं, त्यापलीकडे विहीर.

"ये गो बाय," तो म्हणाला. चांगला मोठ्यानं म्हणाला.

शेजारच्या दारातून विमलावहिनींनी ओले हात पुसत डोकं बाहेर काढलं. "कोण आलं हो?"

"अजून कोण नाय, वैनी," धोंडू म्हणाला.