शेवंतीचा पुढचा उजवा पाय

डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यात खूर धरून दाबला आणि शेवंतीने असा हिसका दिला, की मी भिंतीवर आपटलो. "ॲबसेस," ते म्हणाले. म्हणजे खुराच्या आत साचलेला पू. अठरा दिवस मी खांद्याला तेल चोळत होतो, आणि दुखणं होतं खुरात!

मालवणात माझा टांगा होता, शेवंती त्याची घोडी. ती पाय टेकेना तेव्हा बाजारात जो तो डॉक्टर झाला. "खांदो सरकलो आसा," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "समुद्रात उभी कर रे, खाऱ्या पाण्यान सूज उतारता." रोज सकाळी तिला पाण्यात उभी केली. सूज उतरायची सोडून वर चढली. बायको सांगून थकली, "अवो, आदी खूर बघा मां!" "तुका काय कळता घोड्यातला?" म्हणून मी तिला गप्प केलं. गुरांच्या दवाखान्यात दोन खेपा मारल्या, तर डॉक्टर लस टोचायला गावोगाव. नुसती चिडचिड! सगळा राग मी बेळगावहून येणाऱ्या नालबंदावर काढला. त्यानेच नाल वाईट ठोकला, असं भेटेल त्याला सांगत सुटलो.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर सापडले, त्यांना घरीच घेऊन आलो. घाटावरचे, तरुण. "आणखी चार दिवस गेले असते तर पू हाडाला लागला असता. मग हिला मारावंच लागलं असतं."

त्यांनी नाल काढला, इंजेक्शन देऊन पाय बधिर केला आणि वाकड्या सुरीने खुराचा तळ कोरला. मी तिचं तोंड धरून उभा. काळा, घाण वासाचा पू भळकन आला. त्याबरोबर खिळ्याचं मोडकं टोक.

"हा नालाचा खिळा नाही," डॉक्टर म्हणाले. "तो चपटा असतो, खुराच्या बाजूने बाहेर निघतो. हा सरळ आत घुसलाय. कोणी मारला?"

बायको माझ्याकडे बघत होती. नाल सैल झाला होता, नालबंद महिनाभर येणार नव्हता. म्हणून बंदरावरच्या सुताराकडून होडीचा खिळा मागून आणून मीच ठोकला होता. विसरलो होतो म्हणावं, तर तेही खोटं.

"माझोच तो," मी म्हटलं.

दीड महिन्याने शेवंती टांग्याला लागली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमचं घोडं लंगडलं तर आधी खूर उचलून बघा, आणि घरातलं माणूस सांगतं ते ऐका.

शेवंती माझ्या हातचं खाते, खांद्यावर तोंड घासते. पण तो पाय मला उचलू देत नाही. बायकोने नुसता हात लावला, की उचलते.