धुराड्यातली गादी

कोळवणच्या खोऱ्यातलं आमचं घर ज्या जोडप्याने बांधलं, ते उभा जन्म परदेशात काढून परत आलं होतं आणि येताना तिकडची थंडी मनात घेऊन आलं होतं. त्याशिवाय भातखाचरांच्या मधोमध कुणी फायरप्लेस बांधत नाही. छातीएवढी उंच, दगडी, आणि तिच्यावर स्लॅब फोडून आभाळात गेलेलं धुराडं. पश्चिमेला भिंतभर काच, म्हणजे हिवाळ्यात ऊन आत यावं. छत बुटकं, म्हणजे ऊब वर जाऊन वाया जाऊ नये. घर उत्तम होतं, फक्त चुकीच्या देशात होतं.

पुढे ते जोडपं थकलं आणि जुनं झालेलं ते घर आम्ही घेतलं, कारण बावधनच्या आमच्या सोसायटीत ज्याचं मुळशीत घर नाही त्याच्याकडे लिफ्टमध्येसुद्धा कुणी बघत नाही. एजंटाने फायरप्लेस दाखवली आणि नवरा तिथल्या तिथे विरघळला. मी काचेतून डोंगर बघत बसले. या घरात हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. सॉफ्टवेअरमधले बिघाड शोधून काढायचा मला पगार मिळतो, हेही इथेच सांगून टाकते.

आई गेल्यावर बाबा अकोल्यात एकटे पडले. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंगमध्ये नोकरी केलेला माणूस. पेटलेला कापूस सोडला तर कशाला घाबरायचे नाहीत. मी मात्र घाबरायचे. त्यांनी फोन उचलला नाही की मी मीटिंग सोडून त्यांच्या शेजाऱ्यांना फोन लावायचे. मी एकुलती एक, त्यामुळे माझ्याकडे या म्हणून मी मागे लागले, तर बाबा बावधनचा फ्लॅट बघून म्हणाले, "हे कबुतरायचं काम हाये, माय. आन् पोरीच्या घरी बाप पाहुणा म्हणूनच शोभते." खूप भांडल्यावर एवढंच कबूल केलं, की कोळवणचं घर जरा मोकळं आहे, तिथे एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून पाहतो, दिवाळीला काय ते ठरवू. मी घरून काम मागून घेतलं आणि त्यांच्यासोबत कोळवणला राहायला गेले; नवरा ऑफिससाठी बावधनलाच राहून येऊन-जाऊन असायचा. माझ्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. उन्हाळ्यात घर गार ठेवायचं, पावसाळ्यात उबदार ठेवायचं, म्हणजे बाबा राहतील.

बाबा टेम्पोतून उतरले ते कूलर घेऊन. साधासुधा नव्हे, आमचा अकोल्याचा लोखंडी कूलर, ज्याला दर होळीच्या आसपास नवीन गवत भरायचं आणि जो चालू झाला की शेजारच्यांना आमचा टीव्ही ऐकू येणं बंद व्हायचं. वऱ्हाडातला माणूस एक वेळ देवघर मागे ठेवून येईल. बाबांनी तो खिडकीत बसवला आणि समोरचं दार उघडं टाकलं. मी दार लावायला गेले तर ओरडले, "हवा आत घ्याची तं तिले बाहेर जायची वाट द्या लागते!"

एप्रिलभर त्या कूलरने बरं काम केलं हे आज कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मात्र त्याच्या गर्जनेने माझा जीव खाल्ला. मीटिंगमध्ये सगळे विचारायचे, मॅडम, तुम्ही विमानतळावर आहात का? मे अर्धा सरला तशी हवेत ओल आली आणि कूलर नुसतीच दमट हवा फेकायला लागला. मला निमित्तच हवं होतं. मी त्याची रवानगी मागच्या खोलीत केली, जिथे खताची पोती आणि खोरी असतात, आणि बाबांच्या खोलीत एसी आणला. दुकानदार म्हणाला होता, चालू आहे की बंद तेसुद्धा कळणार नाही.

त्याचं म्हणणं खरं निघालं, कारण एसी चालू असताना खोलीत बंद असल्यासारखंच उकडायचं. बावधनहून मिस्त्री आला. त्याने एसीकडे बघायच्या आधीच निदान केलं, "गॅस कम है, मॅडम." गॅस भरला. पुन्हा उकडलं. पुन्हा आला, पुन्हा गॅस कमी. आपल्याकडच्या ज्योतिषाला जसा शनी तसा या लोकांना गॅस; दुसरं काही वाईट घडूच शकत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारलं तर कुणी व्होल्टेज म्हणालं, कुणी वास्तू, आणि एकाने त्याच्या स्वतःच्या एसीचा फोटो टाकला. घर झाडायला येणाऱ्या मावशींचं मत वेगळंच होतं. "त्या डब्यानं हाडं धरत्यात, ताई. आमच्या हितं कुनाला बी इचारा." त्यांच्या हितं कुणाकडेच एसी नव्हता.

बाबा या सगळ्यात पडले नाहीत. एका सकाळी पूजा आटोपून ते उदबत्ती घरभर फिरवत होते, तसे फायरप्लेसपाशी थांबले. ती त्यांच्याच खोलीत होती. उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून खोलीत, त्यांच्या पायांकडे ढकलला जात होता. त्यांनी मला हाक मारली आणि माझा हात त्या दगडी तोंडाशी धरायला लावला. वरून गरम वारा येत होता. एसीने गार केलेली जड हवा दाराखालच्या फटीतून निघून जायची आणि तिच्या जागी धुराड्यातून बाहेरचा मे महिना आत यायचा. आम्ही मिस्त्रीला पुन्हा पुन्हा बोलावून अख्खं खोरं गार करत होतो.

उपाय बाबांनीच केला. अकोल्याहून आणलेली, पिंजून नव्याने भरायची म्हणून ठेवलेली कापसाची जुनी गादी होती. ती त्यांनी गुंडाळून, बांबूने ढोसून, धुराड्यात वर गच्च बसवली. तासाभरात खोली अशी गार झाली की बाबांनी शाल मागितली. मी ग्रुपवर विजयी मजकूर टाकला. त्यावर पंधरा अंगठे आले आणि वास्तूवाल्याने नमस्कार पाठवला.

मग पाऊस लागला. मुळशीत पाऊस लागतो म्हणजे चार महिने भिंतींना घाम असतो. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, छतावरचा सोलर बंब ढगांकडे बघत बसतो. अकोल्याच्या माणसाला उन्हाचा चटका चालतो, पण गारठ्याने तो कोमेजतो. बाबा दिवसभर चादर गुंडाळून बसू लागले. मी हीटर लावला की घरातले दिवे मंदावायचे आणि माझं इंटरनेट जायचं.

एका रविवारी नवऱ्याने ऑफिसातली मंडळी जेवायला बोलावली. कोळवणच्या पावसात फायरप्लेसपुढे बसायचं, असं आमंत्रणच होतं. बाबांच्या खोलीत सतरंज्या पडल्या. एकीने व्हिडिओसाठी मोबाइल टेकवून ठेवला. एकाने परदेशातल्या त्याच्या घरमालकाकडे अशीच होती म्हणून सांगितलं आणि लाकडं कशी रचायची याचं व्याख्यान दिलं. नवऱ्याने काडी ओढली. पहिल्या ज्वाळेला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या मिनिटाला व्याख्याता खोकायला लागला. धूर वर जाईना. तो छताला लागून पसरला आणि मग निवांतपणे आमच्या डोक्यांवर उतरला. "लाकडं ओली आहेत," एक जण म्हणाला. "एअर प्रेशरचा इश्यू आहे," दुसरा म्हणाला. मी स्वतः, बिघाड शोधण्याचा पगार घेणारी बाई, "अजून जरा कागद घाला," असं म्हणाले. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरातून पोहे खात आले, धुराकडे बघितलं आणि ताटली टाकून ओरडले, "गादी!"

पाहुण्यांना वाटलं, बाबांना आडवं व्हायचंय. कुणीतरी त्यांच्यासाठी उशीसुद्धा आणली.

मला मात्र कळलं. बाबांचा चेहरा पांढरा झाला होता. जिनिंगमध्ये पेटलेल्या गाठी त्यांनी पाहिल्या होत्या. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आतून धुमसत राहतो. त्यांनी लाकडांवर बादली ओतायला लावली, बांबू मागवला आणि नवऱ्याला, म्हणजे दोन टीम सांभाळणाऱ्या माणसाला, खाली ओणवं करून गादी खेचायला लावली. ती आली ती काजळीसकट त्याच्या अंगावर आली. ती ओढत सगळ्यांनी खाचराच्या बांधावर नेली आणि पावसात टाकली. तिथेही ती बराच वेळ धुमसत राहिली. बाबा छत्री न घेता तिच्यापाशी उभे राहिले, पायाने उलटीपालटी करत, शेवटची ठिणगी जाईपर्यंत. व्हिडिओ मात्र छान आला. ऑफिसात तो अजून फिरतो.

त्यानंतर मी ते घर कंबर कसून सुधारलं. पौडच्या फॅब्रिकेटरकडून धुराड्याला उघडझाप करता येईल असं लोखंडी झाकण करून घेतलं. पाऊस आत येऊ नये म्हणून वर टोपी बसवली. काचेला बाहेरून बांबूचे पडदे आले. गिझरला, हीटरला वेगळी वायर आली. हवेतली ओल मोजायचं यंत्रसुद्धा मी आणलं आणि त्याचे आकडे बाबांना जेवताना वाचून दाखवू लागले. उदबत्ती लावून प्रत्येक फट तपासली. दसऱ्यापर्यंत त्या घरात एकही तक्रार शिल्लक नव्हती. गार म्हणाल तर गार, उबदार म्हणाल तर उबदार, आणि सगळं कसं चिडीचूप.

आणि बाबांनी बॅग काढली. "दिवाळीले घरी जातो," म्हणाले. मी विचारलं, गारठा लागतो का? नाही. उकडतं का? नाही. मग काय? "झोप येत नाही, माय. घर चांगलं हाये तुहं." तेवढंच. मला रडू आलं आणि रागही आला. इतकं सगळं करून माणूस जातोच म्हटल्यावर, पोरीच्या घरी राहायचं नाही एवढंच खरं कारण असणार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलवर होते आणि मागून विमान उतरल्यासारखा आवाज यायला लागला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, हवा गार होती. मी तावातावाने मागच्या खोलीत गेले. कूलर चालू होता, पाण्याशिवाय, तोंड भिंतीकडे करून. खताच्या पोत्यांशेजारी बाबांनी बाज टाकली होती आणि गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून ते गाढ झोपले होते, तोंड उघडं ठेवून. तशी झोप मी या घरात त्यांची एकदाही पाहिली नव्हती. मला वाटलं, म्हातारपण, चुकून चालू राहिला असेल. मी बटण बंद केलं.

ते तत्काळ जागे झाले. "काहून बंद केला?"

"बाबा, थंडी आहे. पाणी नाही त्यात. नुसता आवाज करतोय."

ते उठून बसले. ब्लँकेटची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कूलर चालू राहिला ना, तं वाटते, तुही माय सयपाकघरातून कायतरी म्हणाली, आन् मले आयकू नाही आलं."

अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा मी त्या घरातला एकेक आवाज शोधून बंद केला होता, आणि त्या शांततेत ते रोज ऐकत पडले होते, की कुणीच काही म्हणत नाही.

मी बटण लावलं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दोघांनी मिळून कूलर बाबांच्या खोलीत आणला, एसीच्या बरोबर खाली. दुसऱ्या दिवशी बॅग कपाटावर परत गेली होती. जेवताना बाबा कूलरकडे बघून म्हणाले, "होळीले याले नवं गवत लागन."

आता दुपारी ते पडले आणि कूलरची गर्जना सुरू झाली, की मी स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणते. चहा ठेवू का, पाऊस थांबला, काहीही.

"काय म्हणलं?" आतून बाबा ओरडतात.

मी मुद्दामच हळू बोललेली असते.