तिरकी चिती

धायरीच्या शाळेत मी गणित शिकवायचे. आयटीवाल्यांसाठी तिथल्या शेतांत तेव्हा बिल्डिंगा उठत होत्या. वर्गात निम्मी मुलं शेतं विकलेल्यांची, निम्मी त्या बिल्डिंगा बांधणाऱ्यांची. माझी जीभ तिखट होती, आणि मला तिचा अभिमान होता, हे आधीच कबूल करते.

चिती, म्हणजे वीट किंवा चौकोनी खांबासारखा ठोकळा, कशी ओळखायची, याचा माझा एक मंत्र होता. तळ आणि माथा सारखे, एकमेकांना समांतर, आणि भिंती ताठ. दरवर्षी पोरांकडून घोकून घ्यायचे. त्या दिवशी एक मुलगी उठून टेबलापाशी आली. तिचे वडील गवंडी. टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता, तो तिने हाताने हळूच एका बाजूला कलता केला.

"बाई, वरची वही नि खालची वही अजून सारखीच हाय. समांतर पण हाय. मग ही पण चितीच ना?"

"असं होय? तुझे वडील भिंती अशाच बांधतात वाटतं! मग त्या घरात राहायला कोण जाणार गं?"

वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. तिने वह्या सरळ केल्या आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिने वर्गात कधी हात वर केला नाही. मला ते चांगलंच दिसत होतं.

महिन्याभराने शिक्षकांच्या प्रशिक्षणात प्रोजेक्टरवर आकृती आली: तिरकी चिती. हुबेहूब तिने कलता केलेला वह्यांचा गठ्ठा. ताठ भिंतींची अट पुस्तकात नव्हतीच, ती माझी घरची होती. शेजारच्या बाईंना मात्र म्हणाले, "हे काय, माहीतच आहे!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिची माफी मागायची, असं ठरवून वर्गात गेले. खडू हातात घेतला आणि तोंडातून निघालं, "आज चितीचा एक नवा प्रकार शिकूया." जणू मीच शोधून काढला होता! शरम वाटत होती, तरी फळ्यावर आकृती काढत राहिले. निदान उत्तराचा मान तरी तिला मिळावा, म्हणून तिलाच उठवलं.

"याचं उदाहरण सांग बरं. तुला येईल."

अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"मला नाही माहीत, बाई."

अजूनही वेळ गेली नव्हती. चाळीस पोरं ऐकायला बसली होती.

"बस खाली," मी म्हणाले.