चावीचा मोटारसायकलवाला

मंडळी, आज दुपारी मी एका माणसाला बॅटनं मारलं. उजव्या तळहाताला टाके पडलेत, म्हणून डाव्या हातानं लिहितेय.

ह्यांना पत्र्याची जुनी खेळणी जमवायचा नाद होता. फक्त चावीचा मोटारसायकलवाला मिळाला नव्हता. अपघातात हे गेले, तेव्हापासून मी तो शोधतेय. आज शेजारच्या सुनंदानं गाडी काढली. इथं आखातात, नजमा भागापासून जुन्या सामानाची दुकानं पालथी घालत शहराबाहेर उम्म सलालला पोचलो आणि तिथं तो दिसला!

मी उचलला, तोच एका गिऱ्हाइकानं चाक धरलं. "छोडो आंटी, पहले मैंने देखा."

"हाथ में मेरे है!"

त्यानं माझं मनगट पिरगाळलं. पत्रा तळहातात घुसला. दुसऱ्या हाताला जुनी बॅट लागली, ती त्याच्या खांद्यावर हाणली. पुन्हा हाणली.

"खलास! खलास!" पुरे आता, असं दुकानदार अरबीत ओरडला.

"अगं, मरेल तो!" सुनंदानं मला मागं खेचलं आणि खेळणं तुटलं. मोटारसायकल त्याच्याकडे राहिली, वरचा माणूस माझ्या मुठीत.

"एवढं रक्त सांडून अर्धंच मिळालं," सुनंदा म्हणाली.

अपघातानंतर मला ह्यांची मोटारसायकल तेवढी परत मिळाली होती. आज माणूस घरी आला.

सांगा, तुम्ही मूठ उघडली असती?