दुसऱ्यांदा टाकलेलं पहिलं पाऊल

अंजनाबाई निमगडेला कशाची म्हणून किळस येत नसे. गडचिरोलीत ती कितीतरी वर्षं लोकांची लेकरं सांभाळत आली. ओकाऱ्या, जुलाब, वाहतं नाक, फुटलेली गळवं, सगळं तिनं आपल्या हातानं निस्तरलं आणि हात धुऊन त्याच हातानं पुढच्या लेकराला वरण-भात भरवला. बुटकी, रुंद, साठीकडे झुकलेली बाई. मांडीवर मूल झोपलं की पाय बधिर होईपर्यंत हलायची नाही. माझी दोन्ही मुलं त्याच मांडीवर वाढली, म्हणून तिची ही हकीकत मला ठाऊक आहे. तिनं ती तुकड्या-तुकड्यांनी सांगितली, आणि दर वेळी सांगताना तोंड असं केलं की जणू जिभेवर काही कडू आलंय.

ती मूळची सावली गावाकडची. लग्नानंतर दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायची. थोरला राजदीप वर्षाचा होत आला होता. एके दिवशी सांजेला ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी आली, तर दारातच सासू म्हणाली, "चालला तुहा पोरगा. माह्याकडं आला, सरळ."

"हाव का," एवढंच अंजनाबाई म्हणाली आणि पाय धुवायला विहिरीवर गेली.

"चिखल तं कवाच निघाला होता," ती मला म्हणाली. "तरी पाय धूतच बसलो मी." सासूच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण लेकराचं पहिलं पाऊल आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून मिळालं, उष्टं मिळालं, हे तिला गिळवलं नाही.

पुढे नवऱ्याला, लहानूभाऊला, गडचिरोलीत एका आरागिरणीवर चौकीदारी मिळाली आणि दोघं इथं आले. शेजारच्या मास्तरीणबाईंचं मूल सांभाळता सांभाळता अंजनाबाईचं घर हेच पाळणाघर झालं. तिथं तिनं स्वतःपुरता एक कायदा केला. मूल तिच्याकडे पहिल्यांदा उभं राहिलं, पालथं पडलं, चाललं, तरी आईबापाला सांगायचं नाही. संध्याकाळी ती फक्त म्हणायची, "आज लय धडपड करून राह्यला जी. घरी लक्ष ठेवजा." दुसऱ्या दिवशी सकाळी आई धावत यायची, "अंजनाबाई, चालला! काल रात्री चालला!" मग अंजनाबाई तोंडावर हात ठेवायची आणि अगदी खरं वाटावं असं नवल करायची. माझ्या थोरल्याच्या वेळी तिनं माझ्यासमोर तेच नवल केलं होतं. ते खोटं होतं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर राग आला नाही.

मग दिवस बदलले. रस्ता रुंद झाला, त्यात तिचं अंगण गेलं. नोकरदार आयांना भिंतीवर कॅमेरे आणि रंगीत गाद्या असलेली जागा हवीशी वाटू लागली. धानोरा रस्त्यावर रीता मॅडमनी तसं सेंटर काढलं आणि अंजनाबाईला कामावर बोलावलं. रीता मॅडम चाळिशीच्या, आवाज मऊ, सदा हसतमुख. मोबाईलवर व्हिडिओ चालू असला की त्या लेकरांशी बोबडं बोलायच्या. मोबाईल खाली गेला की बोबडेपणही जायचं आणि लेकरू तिथंच राहायचं.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आपल्याकडे एक नियम आहे. बाळाचं पहिलं जे काही असेल ते आईबाबांनीच बघायचं. आपण आधी काही बोलायचं नाही."

अंजनाबाईला बरं वाटलं. बाई आपल्याच मताची हाय, असं ती घरी लहानूभाऊला म्हणालीसुद्धा.

तिथं तिच्याकडे विशाखा आली. सगळे विशू म्हणायचे. तिची आई संघप्रिया दूरच्या उपकेंद्रात नर्स. सकाळी लेकरू सोडून बस धरायची, परतायला अंधार पडायचा. बाप नागसेन सिरोंच्याकडे वनखात्यात, महिन्यातून एखादी चक्कर. विशू अंगानं बारीक पण पायांची भारी चपळ. खिडकीचे गज धरून तासन्‌तास उभी राहायची.

एका सोमवारी तिनं गज सोडले. अंजनाबाई समोर बसून दुसऱ्या लेकराला पेज भरवत होती. विशूची नजर त्या वाटीवर होती. हात हवेत धरून ती डुलत डुलत आली आणि अंजनाबाईच्या खांद्यावर आदळली. अंजनाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि कायद्याप्रमाणे तोंड मिटून घेतलं. संध्याकाळी सिस्टरला 'लक्ष ठेवजा' म्हणू, असं तिनं ठरवलं.

पण रीता मॅडमनी आत बसल्या बसल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं होतं. त्या लगबगीनं आल्या.

"छान! आता हिला खाली सोडू नका. शुक्रवारी हिच्या आईला सुट्टी आहे. तेव्हा आपण 'पहिलं पाऊल' करू. फोटोग्राफर सांगते मी."

"अन् घरी चालली तं?"

"म्हणून तर सांगते. दुपारी झोपू द्यायचं नाही. पेंगुळलेली गेली की घरी लगेच झोपेल."

अंजनाबाईला आधी वाटलं, मॅडम गंमत करून राहिल्या. मग विशूला जेवायच्या उंच खुर्चीत बसवलं गेलं आणि मांड्यांवरून पट्टे आवळले गेले. चाखलेली गोष्ट काढून घेतली की लेकरू जसं करतं तसं विशूनं केलं. आधी रडली. मग चिडली. मग गप्प होऊन खाली वाकून आपल्या पायांकडे पाहू लागली. पाय हवेत चालत होते. डावा, उजवा, डावा.

"मॅडम, लेकरू हाय ते," अंजनाबाई म्हणाली. "बांधून ठेवाले गोऱ्हा नोय."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, बाई. तिच्या आईच्याच आनंदासाठी करतोय ना आपण?"

मॅडमची पाठ वळली की अंजनाबाई पट्टे सैल करायची. मॅडम पडद्यावर पाहायच्या, हसत हसत यायच्या आणि पुन्हा आवळून जायच्या. दुपारी विशूची मान पडायची तेव्हा तिच्या कानाशी खुळखुळा वाजवला जायचा. संध्याकाळी संघप्रिया यायची, झोपेनं गळालेलं लेकरू खांद्यावर टाकायची आणि म्हणायची, "दिवसभर लय खेळते वाटते." रीता मॅडम म्हणायच्या, "खूप अ‍ॅक्टिव आहे." अंजनाबाई बाजूला उभी राहून गाद्या झाडायची. या दिवसांबद्दल ती सगळ्यात कमी बोलते.

शुक्रवारी भिंतीवर ढग आणि इंद्रधनुष्याचा पडदा लागला. केक आला. विशूला जाळीचा, टोचणारा गुलाबी झगा घातला. संघप्रिया चांगली साडी नेसून आली होती. तिनं मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून नागसेनलाही घेतलं होतं. चित्र थांबत होतं, पुन्हा हलत होतं. विशूला पडद्यासमोर उभं केलं, तर ती मटकन खाली बसली. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसली. समोर दिवा, अनोळखी माणूस, सगळे टाळ्या वाजवणारे. ती रडायला लागली आणि रडता रडता झग्यावर ओकली.

"काही नाही, काही नाही," रीता मॅडम बोबड्या आवाजात म्हणाल्या. झगा पुसला, वर सेंट मारला आणि म्हणाल्या, "आणखी एकदा."

या वेळी त्या स्वतः विशूच्या मागे, फोटोत येणार नाहीत अशा बसल्या आणि दोन बोटांनी तिच्या पाठीला रेटा दिला. विशू तोल सावरत पुढे आली, आणखी पुढे आली आणि आईच्या साडीत तोंड खुपसून हमसू लागली. टाळ्या झाल्या. संघप्रियाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती मोबाईलला म्हणत होती, "पाह्यलं का? पाह्यलं का तुमी?"

अंजनाबाई खाली फरशी पुसत होती. ओकारी, सेंट आणि केकवरची मलई यांचा वास एकत्र झाला होता. ती फडकं तसंच टाकून न्हाणीत गेली आणि भडभडून ओकली.

"पोट्टीच्या ओकारीची नाई आली मले," ती म्हणते. "त्या टाळ्याईची आली."

तिथंच, न्हाणीत, तिला दुसरं एक सुचलं आणि ते जास्त झोंबलं. आपणही तेच करत होतो. आपणही आयांना शिळं पाऊल ताजं म्हणून दिलं, तोंडावर हात ठेवून नवल केलं. आपण कुणाचे पाय बांधले नाहीत, हे खरं. पण मॅडमच्या तोंडचं 'आईच्या आनंदासाठी' आपलंच होतं. तिला आपल्या त्या नवल करणाऱ्या तोंडाचीही शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संघप्रियाच्या खोलीवर गेली. संघप्रियानं हसून दार उघडलं, उरलेल्या केकचा तुकडा बशीत घालून पुढे केला. अंजनाबाईनं बशी खाली ठेवली.

"सिस्टर, काल विशू पह्यल्यांदा नाई चालली. सोमवारीच चालली होती."

संघप्रियानं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "हे आता कायले सांगितलं? व्हिडिओ टाकला मी. माह्या मायनं पाह्यला, विशूचे बाबा रात्रभर तोच पाहून राह्यले. मले हे नसतं माहीत तं काय बिघडलं असतं?"

"तेवढंच असतं तं सांगितलं नसतं. मी जलमभर नाई सांगितलं कोणाले. पन तुमी येयेपर्यंत चालू नये म्हणून तिले खुर्चीत बांधली होती. झोपूबी देल्ली नाई."

संघप्रिया उठली. गादीवर खेळणाऱ्या विशूचं झबलं तिनं वर केलं. मांड्यांवर लालसर पट्टे होते. दोन रात्री ती त्यावर घामोळ्याची पावडर लावत होती. नर्स असून लावत होती. ती तिथंच खाली बसली आणि केकच्या बशीकडे पाहत राहिली. मग बशी उचलली आणि केक मोरीत टाकला.

"तुमी कायले बांधू देल्ली?" तिनं विचारलं.

"नोकरी होती," अंजनाबाई म्हणाली.

दोघी मिळून सेंटरवर गेल्या. रीता मॅडमनी पाणी दिलं. पट्टे सुरक्षेसाठी असतात म्हणाल्या. अंजनाबाईंचं आता वय झालं, त्यांना नीट आठवत नाही, असं त्या तिच्या देखत, तिच्याकडे न बघता, त्याच मऊ आवाजात म्हणाल्या. संघप्रियानं पालकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. त्यावर जे आलं ते वाचून मला स्वतःला शरम वाटली. एकानं लिहिलं, आमच्या बाळाचा व्हिडिओ तर सुंदर आला होता. एकीनं लिहिलं, पहिलं पाऊल कधी पडलं यानं मुलाला काय फरक पडतो? आणखी एक गृहस्थ म्हणाले की अशा बायकांना कामावर ठेवलं की हेच होतं. 'अशा' म्हणजे कशा, हे त्यांनी लिहिलं नाही. निमगडे आडनावावरून जात ज्याला समजायची त्याला समजली. संघप्रिया आणि आणखी एक आई, दोघींनी आपली मुलं काढली. बाकीची राहिली. सेंटर चालू आहे. महिन्याभरानं कळलं की मॅडमनी खुर्च्यांचे पट्टे बदलले. आता मऊ, गादीचे आहेत, त्यांचा वळ उठत नाही.

अंजनाबाईनं नोकरी सोडली आणि अंगण नसलेल्या त्याच घरात पुन्हा मुलं घेऊ लागली. थोडीच येतात. विशू त्यातली पहिली. आता नव्या आईला ती सरळ विचारते, "तुमचं लेकरू माह्याजवळ पह्यलं चाललं तं सांगू का नोको? आत्ताच सांगून ठेवा. विचारलं तं मी खोटं नाई बोलणार." काही जणी म्हणतात, लगेच फोन करा. एकजण म्हणाली, नका सांगू, मला सहन नाही व्हायचं; अंजनाबाईनं मान डोलावली. दोन्ही गोष्टी तिला बरोबर वाटतात. तिला फक्त विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वतीनं आनंद ठरवणारी माणसं नको झाली आहेत, आणि त्यांत पूर्वीची ती स्वतःही आली.

संघप्रियानं सांगून ठेवलं होतं, जे होईल ते कळवा. एका दुपारी अंजनाबाईनं उपकेंद्रावर फोन लावला. रेंज येत-जात होती.

"सिस्टर, विशू बोलली."

"काय म्हणाली? आई म्हणाली का?"

आई म्हणाली, असं सांगणं अगदी सोपं होतं.

"नाई म्हणाली जी. मी दुसरा घास भरवाले गेलो तं तोंड फिरवलं अन् म्हणते, 'नाई'."

पलीकडे काहीतरी खरखरलं. मग संघप्रिया हसल्यासारखं वाटलं, का रेंजच तुटत होती, ते अंजनाबाईला सांगता येत नाही.

धानोरा रस्त्यावर सेंटरचा नवा फलक लागला आहे. त्यावर गुलाबी झग्यातली विशू आहे, गालावरचे ओघळ पुसून काढलेली, हात पसरून येणारी. संघप्रियानं तो काढा म्हणून सांगितलं, मॅडम 'हो हो' म्हणाल्या, फलक तसाच आहे. परवा झोपलेली लेकरं लहानूभाऊवर सोपवून अंजनाबाई बाजारात आली होती, येताना मी तिच्याबरोबर होतो. फलकापाशी आल्यावर तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली, रस्त्याच्या कडेला वळली आणि थुंकली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चला, पोट्टे उठले असतीन."