उपाश्रयातली माझी खुर्ची

गेल्या संवत्सरीला, आम्हा जैनांच्या उपाश्रयात, प्रतिक्रमणाच्या विधीत मी जमिनीवरून उठूच शकले नाही. दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं आणि भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, सत्तरीतल्या बायकांच्या रांगेत नेऊन बसवलं. माझं वय सत्तेचाळीस. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांवर भडकलेली.

"तुही खुर्ची पक्की झाली आता," घरी आल्यावर थोरली जाऊ म्हणाली. ते मला वर्षभर टोचत राहिलं.

त्यानंतर मी कराटेला जाऊ लागले, पण गुडघ्यांसाठी नव्हे. रिसोडला एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सकाळी सहाला क्लास भरतो. मुलगी एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मी बाहेर पायरीवर बसून राहायचे. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिसऱ्या दिवशी त्यांनी पकडलंच.

"काकू, इथं बसून काय करून राह्यल्या? या आत."

"गुडघे गेले माह्ये."

"कुठी गेले? इथंच तं दिसून राह्यले!"

पोरी खिदळल्या. मी रागानं उठून आत गेले, त्याला दहा महिने झाले. घोड्यावर बसल्यागत पाय फाकवून उभं राहायचं, मांड्या थरथरेपर्यंत. कुणी हसलं की सगळ्यांनी दहा वेळा गुडघे टेकून खाली बसायचं आणि हात न लावता उठायचं. आमच्या क्लासात हसणं तर रोजचंच. सुरुवातीला मी मुलीचा खांदा धरून उठायचे. तो कधी सुटला, ते मला आठवत नाही.

"या वयात कोणाले मारायले जाऊन राह्यली तू?" जाऊ विचारायची. काय सांगणार? माझा एक ठोसा धड बसत नव्हता.

यंदा संवत्सरीला खुर्ची धरायला मी मुद्दाम लवकर गेले. तिच्यावर पिशवी ठेवली आणि पुढे ओळखीच्या बायकांना भेटत बसले, तेवढ्यात प्रतिक्रमण सुरू झालं. आता मागे जाता येईना. खमासमण आलं, म्हणजे उभ्यानं खाली यायचं, दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ जमिनीला टेकवायचं आणि परत उभं राहायचं. गेले खाली. उठले. पुन्हा गेले. उठले. चार-पाच झाल्यावर लक्षात आलं, की उठताना माझा हात जमिनीला लागतच नाहीये! "अगं, बघा गं माझ्याकडे!" असं ओरडावंसं वाटलं, पण प्रतिक्रमणात बोलायची सोय नाही. तीन तास तो आनंद मी पोटात दाबून ठेवला. पुढची खमासमणं इतक्या जोरात घातली, की शेजारीण दचकून थोडी सरकून बसली.

संपल्यावर वळले, तर माझ्या खुर्चीवर थोरली जाऊ, माझी पिशवी मांडीवर घेऊन. वर्षभर जपलेलं तिचंच वाक्य तिला परत द्यायचं, असं ठरवूनच मी तिच्याकडे निघाले. पण तिनं आधीच क्षमा मागत हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं. मागच्या वर्षी बोलली होती मी तुले."

मीही हात जोडले. ती खुर्चीचे दोन्ही हात धरून उठायला गेली आणि परत बसली. पुन्हा उठायला गेली. मी हात पुढे केला. तो धरून उभी राहिल्यावर तिनं तो सोडलाच नाही, आणि हळूच विचारलं, "तुमी मायलेकी सकाळी किती वाजता निघता?"